मनःशांती तीन घरून आली

"स्वतःले घरबसल्याचं घेतलं अन् मले समाजसेवा देल्ली! माह्या घरी माणसं किती, मी एकटी करू किती?"

भिंतीपलीकडे शेजारची छाया धुण्याच्या दगडाशी बोलत होती. छायाचं कुरकुरणं नेहमी भिंतीलाच ऐकू जाईल एवढं असे. पण भिंतीला लागून अलीकडे सुमित्राबाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या असत. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले आणि आवाज न करता दुसरी घेतली. तक्रार खरी होती. त्यांनी स्वतःकडे 'स्वतःचा शोध' ठेवून घेतला होता, आणि त्यासाठी कुठे जावं लागत नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. सुमित्राबाईंचा एकुलता एक अंकित इंजिनिअर झाला, पुण्यात सव्वा वर्ष नोकरी करून आला, नागपुरात चार महिने करून आला, आणि डिसेंबरच्या मध्याला बॅग घेऊन गावी हिंगणीला आला तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला. बावीस दिवस. जेवायला हाक मारली की उठायचा, जेवायचा, ताट स्वतः घासून ठेवायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. रडला असता, ओरडला असता, तर सुमित्राबाईंना काही करता आलं असतं. घासलेल्या ताटाचं काय करायचं, ते त्यांना कळेना.

तेव्हापासून त्यांनी गल्लीत एक कायदा करून टाकला. अंकितला 'सध्या काय करून राह्यला?' असं कोणी विचारायचं नाही. बसस्टॉपजवळ किराणा दुकान चालवणारे नत्थूजी हा प्रश्न एस.टी.तून उतरणाऱ्या अनोळखी माणसालाही विचारत. पण अंकित दिसला की तेसुद्धा घाईघाईनं साखरेच्या पोत्यात डोकं घालत.

मग जानेवारीत अंकितला मोबाईलवर एक कोर्स सापडला. लोकांना त्यांच्या जगण्याचा हेतू शोधून द्यायचा, त्याचं शिक्षण. पोरगा आठच्या आत आंघोळ करायला लागला. कॉलेजच्या निरोप समारंभाचा निळा कोट घालून लॅपटॉपसमोर बसायला लागला. सुमित्राबाईंना त्यातलं काही कळलं नाही, कळून घ्यायचंही नव्हतं. पोराची नजर भिंतीवरून हलली होती, तेवढं त्यांना पुरलं. "चांगलं हाये बाबू," त्या म्हणाल्या. गल्लीही म्हणाली, "चांगलं हाये."

कोर्सच्या शेवटी परीक्षा होती. पाच माणसांना हेतू शोधून द्यायचा, त्यांनी पंधरा दिवस त्या हेतूनं वागायचं, रोजचा फोटो काढायचा, आणि सोळाव्या दिवशी नागपूरहून मोहिनी मॅडम येऊन पाचही जणांचे व्हिडिओ घेणार. ते जमलं तर प्रमाणपत्र.

अंकितनं पहिली आईच धरली. ओट्यावर समोरासमोर दोन खुर्च्या टाकल्या, वही उघडली.

"आई, तू रोज सकाळी कशासाठी उठतेस?"

"नळ येते म्हणून."

"तसं नाही. आतून काय उठवतं तुला?"

"आतून तुहे बाबा. चहा मागतेत."

अंकितनं वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मग तो नत्थूजींकडे गेला.

"नत्थूजी, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

नत्थूजींनी चष्मा काढून पुसला. "इथंच पाह्यतो. अन् नाई दिसलो तं फोटोत पाह्यजा बाप्पा."

पुढच्या दोन-तीन घरीही असंच झालं. त्या दुपारी अंकित घरी आला, कोट खुंटीला लावला आणि खाटेवर आडवा झाला. तोंड छताकडे होतं, पण खाट तीच होती. सुमित्राबाई हातातलं काम टाकून उठल्या. त्यांनी वही उचलली. आत पाच कोरे फॉर्म होते, आणि मागच्या पानावर अंकितनं कोर्सवाल्यांनी नमुन्यादाखल दिलेली हेतूंची यादी उतरवली होती: समाजसेवा, मनःशांती, आरोग्य, निसर्ग, स्वतःचा शोध. पाच हेतू, पाच माणसं.

आता गल्लीत मारुतीची पंगत दरवर्षी होते आणि तिचं वाटप सुमित्राबाईच करतात. कोणाकडून वांग्याची भाजी, कोणाकडून वरण, कोणी रोडगे भाजायचे, ते त्या घरोघरी जाऊन सांगून येतात, आणि बारा वर्षांत एक वेळ सोडता कोणी त्यांचा शब्द खाली पडू दिलेला नाही. त्यांनी पदर खोचला आणि त्याच रितीनं निघाल्या.

"छाया, तुह्याकडे समाजसेवा."

"काऊन काकू? मले हलकं काही द्या ना."

"तू तरणी हायेस. नत्थूजी, तुमच्याकडे मनःशांती. बसल्या जागी होते. गोपाल, तुह्याकडे आरोग्य."

सेलूपर्यंत ऑटो चालवणाऱ्या गोपालनं गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा दुसऱ्या गालात सारला. "किती माणसायचं?" त्यानं सवयीनं विचारलं.

"एकाचं. तुहं."

राहिले घरचे सदाशिवराव. ते शेतातून आले तेव्हा त्यांच्या वाट्याला निसर्ग उरला होता.

"चाळीस वर्षांपासून वावरातच हाये मी," ते म्हणाले. "आता अजून निसर्गात कुठी जाऊ?"

"जाऊ नका. झाड लावा अन् फोटो काढा."

अंकित उठला तेव्हा पाचही फॉर्म भरलेले होते. "आई, हे सगळे एवढ्यात तयार झाले?"

"तू इच्यारलं ना सकाळी. आतून आलं त्यायच्या," सुमित्राबाई म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. खोटं बोलताना त्या नेहमी चुलीकडे वळत.

सदाशिवरावांचे पहिले पाच दिवस बरे गेले. त्यांनी एक कडुनिंबाचं रोप आणलं. ते पहिल्या दिवशी बांधावर लावलं, दुसऱ्या दिवशी उपटून विहिरीपाशी लावलं, तिसऱ्या दिवशी गोठ्यामागे. फोटोत रोज नवं झाड. सहाव्या दिवशी ते शेळीनं खाल्लं. त्यानंतरच्या फोटोंमध्ये सदाशिवराव एका काडीकडे मायेनं बघताना दिसतात.

नत्थूजींचं मात्र पहिल्याच दिवशी बिनसलं. फॉर्ममध्ये लिहिल्याप्रमाणे ते गल्ल्यामागे वीस मिनिटं डोळे मिटून बसले. एका गिऱ्हाईकानं तीनदा हाक मारली, खांदा हलवला, आणि नत्थूजी नियम म्हणून हललेच नाहीत. त्यानं रोहणा गावी त्यांच्या मुलीला फोन लावला. दुपारच्या एस.टी.नं मुलगी ऊर बडवत उतरली, आणि तोवर मनःशांती आटोपून नत्थूजी शेंगदाणे मोजत होते. मुलगी आलीच होती म्हणून आठ दिवसांसाठी राहिली. रोज दोन वेळा तिच्या हातची गरम भाकर, सोबत बेसनाच्या पातोडीचा रस्सा. म्हातारा मनःशांतीवर असा काही खूश झाला की सकाळ-संध्याकाळ करायला लागला.

गोपालची कथा वेगळी. त्याच्या तोंडात खर्रा नाही असं गावानं शेवटचं त्याच्या लग्नात पाहिलं होतं. आरोग्यापायी खर्रा सुटला, तोंड रिकामं झालं, आणि तो इतकी वर्षं काय बोलत होता ते लोकांना पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आलं. ते ऐकण्यासारखं नव्हतं. ऑटोत सवाऱ्या बसेनात. त्याची बायको काजल सुमित्राबाईंच्या दारात येऊन उभी राहिली.

"मोठी आई, त्याले एक तं खर्रा खाऊ द्या, नाई तं मले माहेरी जाऊ द्या. काल मह्या मायले फोनवर काय काय बोलला!"

"अवं पह्यलेही बोलतच असन ना."

"पह्यले समजत नोहोतं!"

पण खरी गोची झाली छायाची. पिको-फॉलची मशीन बंद ठेवून ती रोज सकाळी बसस्टॉप झाडायची, आणि अंकित फोटो काढायचा. पाचव्या दिवशी सरपंचांच्या बायकोनं तिला नळावर गाठलं. "कोणत्या वार्डातून उभी राहून राह्यली व तू?" छाया म्हणाली, कुठूनच नाही. त्यावर सरपंचीणबाईंचा विश्वास बसला नाही, कारण उभं राहणारे सगळे आधी असंच म्हणतात. संध्याकाळी विरोधी गटाची दोन माणसं पेढे घेऊन छायाच्या घरी आली. दुसऱ्या दिवशी सरपंचांच्या गटाची आली, मोठा पुडा घेऊन. छायाच्या नवऱ्यानं पेढे खाल्ले आणि तिलाच विचारलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

ज्या दिवशी ती धुण्याच्या दगडाशी बोलत होती, तो यानंतरचा दिवस. कपडे वाळत घालून ती तडक नत्थूजींच्या दुकानात गेली.

"बाबाजी, तुमची मनःशांती मले द्या. समाजसेवा तुम्ही घ्या. तसेही दिवसभर तुम्ही लोकायची सेवाच करता."

पंगतीत अशा अदलाबदली चालतातच. वरणवाल्याकडे पाहुणे आले की तो भाजीवाल्याशी बदलून घेतो, आणि जेवणाऱ्याला काही कळत नाही. शिवाय शेजारच्या सुनेला नाही कसं म्हणायचं? नत्थूजी म्हणाले, "घेऊन जाय पोरी." आणि ती गेल्यावर स्वतःचीही ठेवून घेतली. मुलीचा परतायचा दिवस त्यांनी नुकताच पुढे ढकलला होता.

दुसऱ्या दिवशी गोपाल आला. त्यानं कोणाला विचारलंसुद्धा नाही. आरोग्य सोडलं, खर्रा तोंडात टाकला, आणि काजलला सांगितलं, "आता माह्याकडे मनःशांती हाये. खर्रा खाल्ला का मले ते आपोआपच भेटते." काजलनं मारुतीला नारळ फोडला.

पंगतीच्या आदल्या दिवशी सुमित्राबाई घरोघरी फिरून कोणाकडे काय आहे ते पुन्हा एकदा विचारून येतात. या वेळी त्या गेल्या नाहीत. मॅडम नागपूरहून येणार म्हणजे जेवल्याशिवाय कशा जाणार, आणि त्या जेवणार तर गल्ली कशी राहणार, या हिशेबानं चाळीस माणसांच्या रोडग्यांची कणीक त्यांच्या गळ्यात पडली होती. आणि दुसरंही एक कारण होतं. चार-पाच दिवसांपासून त्यांचं लक्ष अंकितवर होतं. पोरगा रोज सकाळी तो निळा कोट घालण्याआधी क्षणभर त्याच्याकडे बघत उभा राही, थंडीत गार पाण्याच्या बादलीकडे बघतात तसा. मग घाले. मग हसे. ते हसू सुमित्राबाईंना घासलेल्या ताटासारखं वाटे. पण विचारणार कसं? कायदा त्यांनीच केला होता.

रविवारी दहाला मोहिनी मॅडम आल्या. लहानखुऱ्या, चटपटीत, पांढरे बूट घातलेल्या. अंगणात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायला टाकले होते. धूर ज्या बाजूला जाईल त्याच्या उलट बाजूला मॅडमनी कॅमेरा लावला, आणि पहिल्यांदा नत्थूजींना समोर बसवलं.

"काका, अंकितबरोबर तुम्हाला तुमच्या जगण्याचा कोणता हेतू सापडला?"

"मनःशांती," नत्थूजी म्हणाले. "लय चांगली हाये. भाकरीसंग तं अजूनच."

मॅडमनी फॉर्मवर खूण केली. मग छाया आली. तिनं लग्नातली साडी नेसली होती.

"तुम्हाला काय सापडलं, ताई?"

"मनःशांती."

मॅडमनी फॉर्म बघितला, मग छायाकडे बघितलं. "इथे समाजसेवा लिहिलंय."

"ते पह्यले होतं. मंग मी बदलून घेतलं. बाबाजीकून."

"पण काकांनी तर आत्ताच..." मॅडमनी मागे वळून नत्थूजींकडे बघितलं. नत्थूजी आभाळाकडे बघत होते.

"बरं. पुढचे या." गोपाल खुर्चीत बसला. गाल फुगलेला. "हं, दादा. तुमचं आरोग्य कसं काय?"

गोपालनं हात वर करून एक मिनिट थांबा अशी खूण केली, अंगणाबाहेर जाऊन तोंड मोकळं करून आला आणि म्हणाला, "मनःशांती."

रोडगे परतणाऱ्या सुमित्राबाईंच्या हातातला चिमटा थांबला. पंगतीचा सगळ्यात वाईट प्रसंग त्यांना आठवला. पाच वर्षांमागे वांग्याची भाजी तीन घरून आली होती आणि वरण कुठूनच आलं नव्हतं.

"तुह्याकडे कशी आली?" छाया गोपालवर उखडली. "बाबाजीनं मले देल्ली हाये!"

"तुले देल्ली तं बाबाजी काऊन सांगून राह्यले त्यायची हाये म्हणून? बाबाजी, दोघायले कबूल केली का तुम्ही?"

"मी तुले कुठी देल्ली बे? तू तं इच्यारलंबी नाई!" नत्थूजी खुर्चीतून उठले. "अन् छाया, तुले देल्ली हे खरं. पण सगळीच्या सगळी देल्ली असं नाई म्हटलं मी!"

"हे चांगलं हाये! मंग लोकायले काय दाखवू मी, अर्धी?"

"तू समाजसेवा मह्या माथी मारली! मह्या गुडघ्यानं मी बसस्टॉप झाडू का?"

"झाडला का पण? एक दिवस तरी झाडला का?" छायानं विचारलं.

"ए, बाबाजीले बोलू नको बे तू!" गोपाल छायाच्या नवऱ्याला म्हणाला. तो बिचारा काहीच बोललेला नव्हता.

"मह्या मनःशांतीले हात लावला ना कोणी," नत्थूजी काठी आपटून ओरडले, "तं पाह्यजा मंग!"

कॅमेरा चालूच होता. सदाशिवराव आपली काडी हातात धरून रांगेत उभे होते. त्यांनी हळूच मागच्या माणसाला पुढे जायची खूण केली. मागे कोणी नव्हतं, म्हणून ते स्वतःच मागे गेले.

मॅडमनी शेवटी टाळी वाजवली. "थांबा! हे नक्की झालं काय?"

सांगावं लागलंच. सुमित्राबाईंनी हात पुसले आणि पंगतीचं वाटप, वहीतली यादी, सगळं सांगून टाकलं. चुलीकडे वळल्या नाहीत. सांगताना त्या अंकितकडे बघत होत्या. आता पोरगा कोट काढेल, घरात जाईल, आणि भिंतीकडे वळेल.

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढला. "अहो, पण पंधरा दिवस पाच माणसं वागली ना! फोटो आहेत ना! आमच्या बाकीच्या मुलांकडून माणसं तिसऱ्या दिवशी पळतात. हे बघा, आपण याला सामूहिक हेतू म्हणू. अंकित, तू पास!"

त्यांनी पिशवीतून जाड कागदाचं प्रमाणपत्र काढून अंकितच्या हातात दिलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सुमित्राबाईंनीही वाजवल्या, पिठाच्या हातानं.

"आणि पुढच्या महिन्यात दुसरी पायरी," मॅडम म्हणाल्या. "पंचवीस माणसं. तीन महिने."

टाळ्या हळूहळू विरळ झाल्या. छाया घरं मोजायला लागली. गल्लीत घरं सोळाच होती. गोपालनं खिशातला खर्रा चाचपला.

"आता फक्त एक राहिलं. मार्गदर्शक म्हणून अंकित कसा आहे, प्रत्येकानं एक वाक्य बोलायचं. मनापासून." मॅडमनी कॅमेरा फिरवला. "काका?"

"पोरगा लय साधा हाये," नत्थूजी म्हणाले.

"ते ठीक आहे, पण मार्गदर्शक म्हणून?"

"मार्गदर्शक म्हणूनही साधाच हाये."

"ताई?"

"फोटो लय चांगले काढते," छाया म्हणाली. "मी बारीक दिसते त्यात."

"कोणाले उलटून बोलत नाई," गोपाल म्हणाला.

सदाशिवरावांनी बराच विचार केला. "चप्पल बाहेर काढते."

मॅडमनी मान डोलावली आणि कॅमेरा सुमित्राबाईंवर आणला. "आई, तुम्ही तर सगळ्यात जवळच्या. बोला."

सुमित्राबाईंनी पोराकडे बघितलं. एका हातात प्रमाणपत्र, अंगावर तो कोट, फेब्रुवारीचं ऊन, कपाळावर घाम. तो हसत होता. पण डोळे वेगळेच होते. बारा वर्षं पंगत वाढलेल्या बाईला ते डोळे ओळखता येणार नाहीत तर कोणाला येतील? पोट भरलेल्या माणसानं ताटावर हात आडवा धरावा, आणि वाढणाऱ्यानं आग्रहानं हाताच्या फटीतून अजून एक रोडगा टाकावा, तेव्हा माणूस जसं वर बघतो, तसा तो आईकडे बघत होता. आणि सहा आठवडे वाढत कोण होतं? त्याच.

भिंत, बावीस दिवस, घासलेलं ताट, सगळं एकदा त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांनी पदरानं हात पुसले. कॅमेऱ्याकडे बघितलंच नाही.

"अंकित, बाबू," त्या म्हणाल्या, "तुले हे काम जमत नाई."

आरातला एक रोडगा फुटल्याचा आवाज आला. नत्थूजींना सवयीनं साखरेचं पोतं हवंसं वाटलं. अंकितनं आईकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की छायानं नंतर गल्लीभर सांगितलं, कोट काढायच्या आधीच पोरगा मोकळा दिसायला लागला होता.

"नाई ना?" तो म्हणाला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तो गल्लीच्या बोलीत बोलत होता. "नाईच जमत ना आई! मी केव्हाचा वाट पाहून राह्यलो का कोणीतरी म्हणन! मले वाटे, तुम्ही सगळे इतके रमले, तं मी काऊन मोडू?"

"आमी?" नत्थूजी, छाया आणि गोपाल एकदमच म्हणाले.

"मंग आता काय करशीन रे?" गल्लीत दोन महिन्यांपासून कोणी विचारला नव्हता, तो प्रश्न सदाशिवरावांनी काडी खाली टाकून विचारला.

"मले नाई माहीत बाबा," अंकित म्हणाला, आणि कोट खुर्चीवर टाकून पंगतीत मांडी घालून बसला. "वाढ आई. लय भूक लागली."